वेळेनंतरचा घास

भंतेजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. इतका मोठा, की पानठेला अर्धा झाकला गेला. चहा घेता घेता मी त्यावर भंतेजींना शोधत होतो. वर कोणी नेते, खाली त्यांचे कार्यकर्ते, दोन्ही बाजूंना गॉगल लावलेली तरुण मंडळी, आणि या सगळ्यांच्या मधे कुठंतरी हात जोडलेले आमचे भंतेजी. फोटो कोणाच्या तरी लग्नातून कापून घेतलेला असावा, कारण खांद्यापाशी नवरदेवाच्या फेट्याचं टोक तसंच राहून गेलं होतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘खऱ्या आयुष्यातले हिरो, भावपूर्ण आदरांजली’.

मी चहा अर्धा टाकून उठलो. माझा स्वभाव संशयी आहे; लोक म्हणतात, मीही म्हणतो. सारी नोकरी जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर म्हणून गेली. गाडी येऊन उभी राहिली की वरचा कापूस नेहमी पांढराशुभ्र असायचा. मी त्याच्याकडं बघायचोच नाही. बाही वर करायची, हात कोपरापर्यंत आत खुपसायचा आणि मधला कापूस ओढून काढायचा. ओला आहे का, किडका आहे का, माती मिसळली आहे का, ते तिथं कळतं. रिटायर झालो तरी हाताची सवय गेली नाही. कोणी गोड बोलायला लागलं की मी मनातल्या मनात बाही वर करतो. बायको म्हणते, माझ्याशी लग्न करतानासुद्धा तुम्ही तसंच केलं असणार.

त्यामुळं कोणाचं कौतुक सुरू झालं की मला आधी शंका येते. ज्याला हिरो म्हणतात तो माणूस एक तर मेलेला असतो, नाही तर निवडणुकीला उभा असतो. ट्रॅक्टरच्या दुकानवाल्याच्या वाढदिवसालाही आमच्याकडं ‘रिअल हिरो’ असा फ्लेक्स लागतो. भंतेजींवर मी ते जिवंत असताना संशय घेतला, समोरासमोर घेतला, आणि गावात सगळ्यांत जास्त घेतला. म्हणून त्यांच्याबद्दल चार गोष्टी सांगायचा हक्क मला फ्लेक्सवाल्यांपेक्षा जास्त आहे, असं मी समजतो.

आमचं गाव ढाणकीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. विहार गावाच्या टोकाला, पुढं लगेच तुरीची वावरं. विहाराला बरीच वर्षं भिक्खू नव्हते. मग एक दिवस हे आले. उंच, काळेसावळे, पायात रबरी चप्पल, खांद्याला झोळी. पाली नाव लांबलचक होतं, ते फक्त पत्रिकांवर छापायला लागायचं. एरवी सगळे त्यांना भंतेजीच म्हणत. चीवर घेण्याआधी ते लाइट ऑफिसात लाइनमन होते. ही गोष्ट त्यांना सांगावी लागत नसे. रस्त्यानं चालताना ते खाली बघत चालायचे, भिक्खूनं चालावं तसं, पण विजेचा खांब आला की मान आपोआप वर जायची. एखादी तार लोंबकळत असली की थांबून ‘हे बराबर नाही’ असं म्हणायचे आणि पुढं निघायचे. विहाराचं सगळं वायरिंग त्यांनी पहिल्या महिन्यात स्वतः बदललं.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, “भंतेजी, एक विचारू काय? संसार सोडून भंते कायले झाले? घरी भांडण झालतं काय?”

आमच्या कमिटीचे अध्यक्ष, रिटायर झालेले शाळामास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांनी माझा गुडघा दाबला. भंतेजी हसले.

“ते बी होतं,” म्हणाले.

मला वाटलं होतं, आता दुःख, तृष्णा, वैराग्य असं काही तरी ऐकायला मिळेल. ‘ते बी होतं’ यात हात कुठं खुपसावा हेच मला कळेना. जाताना ते म्हणाले, “तुमी ग्रेडर होते म्हन्ते. मंग मले बी तपासून पाहा. वरून नका पाहू.” हे त्यांनी चेष्टेनं म्हटलं असेल. मी ते ऑर्डर म्हणून घेतलं.

भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, हे आमच्या गावात पोराबाळांनाही माहीत आहे. बाराच्या आत एकदा जेवायचं, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी, फार तर बिनदुधाचा चहा. विहारात भोजनदानाच्या पाळ्या असायच्या. ज्या घरची पाळी असेल त्या घरची बाई अकरालाच डबा घेऊन हजर. या पाळ्यांत बायकांची अशी चुरस, की कोणी पुरणाची पोळी आणली की दुसरी गुलाबजाम आणायची, आणि भंतेजी दोन्हीमधलं थोडंसं घेऊन बाकी सगळं शेजारच्या अंगणवाडीत पाठवून द्यायचे.

एकदा शांताबाईची पाळी होती. ही आमच्याच आळीतली, विधवा, जिभेनं तिखट आणि मनानं घाबरट. त्या दिवशी सकाळी ती ढाणकीला गेली आणि परतीची गाडी चुकली. विहारात पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. भंतेजी मागं नळावर पाय धुवत होते. शांताबाईनं काय केलं, तर खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागं फिरवले. मग डबा उघडून, पदर डोक्यावर घेऊन, भाविक चेहरा करून बसली. मी दारात होतो. मी सगळं पाहिलं आणि मुद्दाम गप्प राहिलो, कारण मला भंतेजी काय करतात ते पाहायचं होतं.

भंतेजी आत आले. घड्याळाकडं पाहिलं. मग उंबऱ्याच्या बाहेर पायरीवर पडलेल्या छपराच्या सावलीकडं पाहिलं. शांताबाईकडं पाहिलं.

“घड्याळाले काय, ते मागं जाते,” ते म्हणाले. “मले नाही जाता येत, बाई. वास लय चांगला येऊन राह्यला. पन आज ते अंगनवाडीत जाऊ द्या.”

शांताबाई रडायला लागली. तेव्हा ते तिच्यासमोर बसून म्हणाले, “मी उपाशी राह्यलो म्हनून रडता का खोटं पकडल्या गेलं म्हनून?” ती रडता रडता म्हणाली, “दोन्ही.” त्यांना ते उत्तर फार आवडलं. नंतर कित्येक दिवस कोणी काही सबब सांगायला लागलं की ते विचारायचे, “हे का ते?” आणि शांताबाई लांबूनच ओरडायची, “दोन्ही!”

तर असा हा वेळेचा पक्का माणूस. आणि त्यांच्याबद्दल चहाच्या टपरीवर कुजबूज सुरू झाली, की बाजारच्या दिवशी तुमचे भंतेजी संध्याकाळी कुठंतरी जेवतात. बाजारच्या दिवशी दुपारनंतर ते विहारात नसत, हे खरंच होतं. आजूबाजूच्या खेड्यांत जातो एवढंच सांगत. लोक म्हणत, धम्माचा प्रचार. मी म्हणत होतो, बघू.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी त्यांच्या मागं गेलो. याची मला तेव्हाही लाज वाटली नाही, आताही वाटत नाही. तपासा असं त्यांनीच म्हटलं होतं. बाजारातून ते कडेकडेनं निघाले, नाला ओलांडला आणि पलीकडच्या छोट्या खेड्यात शिरले. ते सगळं कुणब्यांचं गाव. आमच्या धम्माचं तिथं एकही घर नाही. हातपंपाजवळच्या एका घरात ते गेले. अंगणात तुळस, ओट्यावर वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा. मी कुडाच्या भिंतीला लागून उभा राहिलो. दिवस कलला होता.

आत चुलीपुढं एक म्हातारी होती. तिनं पाट मांडला, थाळी वाढली.

“आला का रे गजू? किती उशीर. बस.”

“रस्त्यात चिखल हाय,” भंतेजी म्हणाले आणि बसले.

“आपल्या वावरातला कापूस फुटला का?”

“येताना पाह्यला. बोंडं चांगले फुटले हायेत.”

“मीनासंग भांडू नोको. बिचारी एकटीच करून राह्यली.”

“मी नाही भांडत कोनाशी.”

म्हातारीनं भाकरीचा तुकडा मोडला, तुरीच्या हिरव्या दाण्यांच्या भाजीत बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. भंतेजींनी डोळे मिटले आणि तो घास घेतला. मग म्हातारीनं आपली थाळी पुढं ओढली आणि ती जेवायला लागली, अधाशासारखी.

मी कुडाबाहेर उभा, आणि माझे कान खोटं पकडायला टपलेले. जेवणाचा नियम तर मोडलाच होता. आता मला दुसरा पकडायचा होता. पण सगळं संपेपर्यंत ते एकदाही खोटं बोलले नाहीत. तिला आई म्हणाले नाहीत, माय म्हणाले नाहीत. मी गजू आहे असं म्हणाले नाहीत. चिखल खरंच होता, बोंडं खरंच फुटली होती. एकदा तिनं थांबून विचारलं, “तू गजूच ना रे?” तेव्हा भंतेजी एवढंच म्हणाले, “जेव. थंडं होऊन राह्यलं.”

परतताना नाल्यापाशी ते थांबले आणि मागं न बघताच बोलले, “या ग्रेडर, संगच चालू.” मी गेलो. त्यांनीच सांगितलं. म्हातारीचं नाव सरूबाई. तिचा नवरा वारला तेव्हा मुलानं, गजूनं, रिवाजाप्रमाणं डोकं भादरलं. त्याच महिन्यात ट्रक घेऊन गेला आणि पुलावरून खाली पडला. तिनं त्याला शेवटचं पाहिलं ते तसं, तुळतुळीत डोक्याचं. पुढं म्हातारीचं भान सुटत गेलं. भंतेजी एकदा त्या गावातून जाताना हातपंपावर पाणी प्यायला थांबले, आणि तिनं ओट्यावरून गजू म्हणून जेवायला हाक मारली. ते म्हणाले, मी बारानंतर जेवत नाही. ती म्हणाली, मग मीही जेवत नाही. आणि दोन दिवस खरंच जेवली नाही. सून, मीना, तिसऱ्या दिवशी बाजारात त्यांना शोधत आली. तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी एक घास. तो घास त्यांनी घेतला की तिचे पुढचे दिवस नीट जात. रोज म्हणायची, परवा तर जेवून गेला माझा गजू.

“हे काय बराबर झालं, भंतेजी?” मी म्हणालो. मला राग आला होता, कशाचा ते धड कळत नव्हतं. “आन मी एक सांगू? माह्या बापाले ह्याच गावात वरून पानी वाढत होते. हे बुढी शुद्धीवर असती तं तुमाले चुलीपाशी बसवलं असतं काय? येड लागलं म्हनून तुमी तिचे झाले.”

ते चालता चालता म्हणाले, “ते तिच्या ध्यानातून गेलं. सारंच गेलं. पोराले भूक लागली असन, एवढंच एक राह्यलं. जे ती विसरली ते मी कायले तिले याद करून देऊ?”

“आन गप्प राहून तिले गजू समजू देनं, ते खोटं नाही?”

“असन,” ते म्हणाले. “त्याची बी कबुली द्या लागन.”

विहार दिसायला लागला तेव्हा त्यांनी सांगितलं, “तुमी पाह्यलं ते तुमच्यापाशीच ठेवा. बुढीचं नाव गावात फिरू देऊ नका. तिच्या घरासमोर लोक जमतीन, तिच्या गावचे लोक बी बोलतीन.” मी हो म्हणालो. मी चुगलखोर नाही; फक्त तपासतो.

पण त्यांनी स्वतः जे केलं त्याची मला कल्पना नव्हती. पौर्णिमेच्या वंदनेला विहार भरला होता. त्रिसरण झालं, वंदना झाली, आणि ते उठून म्हणाले, “मी बाजारच्या दिवशी सांजच्याले जेवतो. भिक्खूनं जेवू नये. हे चूक हाय. संघातल्या मोठ्या भंतेजींपाशी मी कबूल करत असतो, आज तुमच्यापाशी करतो. येत्या बाजारच्या दिवशी पुन्हा चूक होईन, ते बी आताच सांगून ठेवतो.”

गुरुजींनी विचारलं, “भंतेजी, काही कारण असन ना? तब्येतीचं वगैरे?” गुरुजींना वाट काढून द्यायची होती.

“कारन हाय. पन कारन सांगतलं का चूक ल्हान दिसते,” ते म्हणाले आणि खाली बसले.

पुढचे महिने फार वाईट गेले. एकेक घर भोजनदानाच्या पाळीतून गळायला लागलं. कोणाच्या घरी पाहुणे, कोणाची तब्येत. कोणी म्हणालं, बाई ठेवली असेल; हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि म्हणणारा तोच, ज्याचा गॉगल आज फ्लेक्सवर आहे. कमिटीनं दुसरे भिक्खू आणायची चर्चा केली, आणि गुरुजी त्या चर्चेत पुढच्या रांगेत होते. भंतेजी भिक्षापात्र घेऊन सकाळी आळीतून फिरू लागले. दारं बंद दिसली की तिथं थोडं थांबत, डोकं झुकवत आणि पुढं जात. शांताबाई मात्र रोज दारात उभी असायची. माझ्या बायकोनंही एक दिवस पाळी चुकवली नाही. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “जो मानूस चूक आगाऊ सांगून करते, त्याच्यावर आनखी काय संशय घेता?”

लोक हळूहळू परत आले, जसे येतात तसे, न सांगता. काही वर्षं गेली. या हिवाळ्यात भंतेजींना दम लागायला लागला. पुसदच्या दवाखान्यात ठेवलं, आणि तिथंच ते गेले. शेवटच्या संध्याकाळी मी त्यांच्यापाशी होतो.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारापुढं मांडव, माइक, पांढरे कपडे, पांढऱ्या कपड्यांतले नेते. मी मागच्या खांबाला टेकून उभा होतो आणि एकेकाच्या रडण्यात हात घालून पाहत होतो. खोटं सांगणार नाही, बरंच रडणं आतूनही कोरडंच निघालं. काही खरं होतं. शांताबाई पहिल्या रांगेत बसून काहीच करत नव्हती, नुसती विहाराच्या दारातून दिसणाऱ्या घड्याळाकडं बघत होती.

गुरुजी बोलायला उठले. छान बोलतात ते. भंतेजींचा त्याग, भंतेजींचं शील. मग आवाज चढवून म्हणाले, “अरे, हिरो पडद्यावर कशाला शोधता? आपल्या गावात होता हिरो. ज्या महापुरुषानं आयुष्यात कधीही, कधीही, बारानंतर अन्नाचा कण मुखात घेतला नाही!” टाळ्या पडल्या. मी इकडंतिकडं पाहिलं. ज्यांनी पाळ्या बंद केल्या होत्या ते सगळे टाळ्या वाजवत होते. मरून सात दिवस नाही झाले, आणि त्यांनी स्वतः उभं राहून कबूल केलेली चूक यांनी पुसून टाकली. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, यांनी आता दुसऱ्यांदा दार लावलं त्यांच्या तोंडावर.

मी माइकपाशी गेलो नाही. जागेवरूनच बोललो.

“गुरुजी, भंतेजी जेवत होते. सांजच्याले. त्यायनं आपल्याले याच जागेवर उभं राहून सांगतलं. तुमी बी होते.”

मांडवात गलका झाला. कोणी म्हणालं, बसा, ही वेळ नाही. कोणी म्हणालं, म्हातारा वेडा झाला. नेत्यांनी मोबाइल काढले. गुरुजी माइक हातात धरून म्हणाले, “कुठं जेवत होते? सांगा ना. पुरावा हाय काय?”

तिथं मी अडकलो. मी शब्द दिला होता. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी तोंड मिटून उभा होतो, आणि त्या गप्प राहण्यामुळं मीच खोटा ठरत होतो.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला, चपला काढतात तिथं, एक बाई उठली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. मीना होती ती.

“आमच्या घरी,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण मांडव शांत झाला होता. “नाल्यापल्याडच्या गावातून आली मी. माही सासू त्यायले आपला मेलेला पोरगा समजते. ते एक घास खायचे तवा बुढी जेवायची. परवा बाजार होता. ते आले नाहीत. तवापासून तिनं पानी बी धड घेतलं नाही. मी भाषन कराले नाही आली. मले विचाराचं हाय, आता काय करू?”

गुरुजींनी माइक खाली ठेवला. एवढ्या मोठ्या सभेत, जिथं प्रत्येक जण भंतेजींच्या मार्गानं चालायची शपथ घेऊन बसला होता, तिथं मीनाला उत्तर द्यायला कोणी उठेना. कुणब्याच्या घरी जायचं, कोणी जायचं, जाऊन काय करायचं? शेवटी शांताबाई उठली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, “चला. इथी बसून काय होते?” आम्ही तिघं काळीपिवळी जीपमध्ये बसलो. मागून कोणी येतंय का म्हणून मी एकदा वळून पाहिलं. गुरुजी मांडवाच्या दारापर्यंत आले होते. तिथं थांबले.

सरूबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. पुढं दोन थाळ्या, दोन्ही वाढलेल्या, भाकर वाळून कडक झालेली. तिची मान पार बारीक झाली होती. मला बघून तिनं डोळे बारीक केले. आयुष्यभर मी माणसांकडं तसंच पाहत आलो होतो, पण असं कोणी माझ्याकडं पाहिलं नव्हतं.

“कोन होय?”

“त्याच्या ओळखीचा,” मी म्हणालो.

तिनं हात लांब केला आणि माझ्या डोक्यावरून फिरवला. केस लागले. तिनं हात मागं घेतला. शांताबाई माझ्या कानाशी पुटपुटली, “सांगा ना, मुंबईले गेला, पुढच्या बाजारी येईन. जेवन तं सही बुढी.” मलाही तेच सोपं वाटत होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या कुडापलीकडं उभं राहून मी एका माणसाचं खोटं शोधलं होतं आणि ते मला सापडलं नव्हतं. त्याच चुलीपुढं पहिलं खोटं माझं असावं, हे काही मला जमेना.

“तो येनार नाही, बाई,” मी म्हणालो. “आता येत नाही तो.”

मीनानं तोंडाला पदर लावला. सरूबाई माझ्याकडं बघत राहिली. तिला काय समजलं, किती समजलं, मला माहीत नाही. मग तिनं मी मनात न आणलेली गोष्ट विचारली.

“जेवून गेला काय?”

शेवटच्या संध्याकाळी मी पुसदला निघालो तेव्हा भंतेजींनी चुकवलेल्या बाजाराला दोन दिवस झाले होते. मीना बसस्टँडवर भेटली आणि माझ्या हातात डबा दिला. म्हणाली, म्हातारीनं स्वतः केलं आहे, त्यांना द्या, म्हणजे आज तरी ती जेवेल. दवाखान्यात पोचेपर्यंत अंधार पडायला आला होता. भंतेजी उशीला टेकून बसले होते, नाकाला नळी. सिस्टरनं आणलेली पेज त्यांनी बाजूला ठेवली होती, वेळ टळून गेली म्हणून. मी डबा उघडला. तुरीच्या हिरव्या दाण्यांचा वास आला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, बाहेर कुठली सावली उरली नव्हती. मग नळी एका हातानं सरकवून त्यांनी भाकरीचा इवलासा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत होते. दम लागत होता, तरी गालात हसत होते. “चूक झाली, ग्रेडर,” म्हणाले. “पन मीठ बराबर हाय. सांगा तिले.” मी सांगतो म्हणालो, आणि त्यानंतर जे झालं त्यात ते राहूनच गेलं होतं.

“हो,” मी सरूबाईला म्हणालो. “तुमच्या हातचं जेवून गेला. मी पाह्यलं. मीठ बराबर होतं म्हने.”

तिनं माझा चेहरा पुन्हा एकदा तपासला, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग एक थाळी बाजूला सारली आणि दुसरी आपल्याकडं ओढली. मीना ताजी भाकर टाकायला उठली.